अंगणातलं एकुलतं एक सॉकेट

मित्रांनो, मी एक जुनी डिझेल कॅम्परव्हॅन आहे. आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू सहसा फार क्षमाशील असतात. मोडकी छत्री म्हणते, माझी कुणाबद्दल तक्रार नाही. फुटका माठ म्हणतो, सगळे सुखी राहोत. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. माझी मात्र तक्रार आहे, आणि ती मी गंज लागू न देता जपून ठेवली आहे. माझ्या अंगावर गंज न लागलेली तेवढी एकच वस्तू उरली आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारख्याच बहिणी ओळीने उभ्या होत्या. त्यातल्या बऱ्याचजणी पुढे सामान वाहायला गेल्या. एक रुग्णवाहिका झाली आणि तेव्हापासून आम्हाला ओळख दाखवत नाही. मला एका सुताराने घेतलं. आपण त्यांना काका म्हणू. काकांनी माझ्या पोटात एक अख्खं घर बसवलं. दिवसा बाक आणि रात्री पलंग होणारी फळी, भिंतीतून उघडणारं टेबल, कप टांगायला आकडे, आणि वळणावर आपोआप उघडणार नाही असं कपाट. शिवाय माझ्या कुशीवर एक प्लग दिला. बाहेरच्या सॉकेटला वायर जोडली की आतला पंखा, दिवा आणि किटली सुरू होते. हा प्लग लक्षात ठेवा. पुढे सगळी भांडणं त्याच्यावरूनच झाली.

माझी उमेदीची वर्षं फार थाटात गेली. सुट्टी लागली की काका, काकू आणि त्यांचे चिरंजीव माझ्यात बसून निघायचे. डिझेल भरायला पाच मिनिटं पुरायची, मग दिवसभर थांबायचं नाव नाही. तळ्याकाठी उभी राहिले की अनोळखी माणसं आत डोकावून म्हणायची, "वा! हे तर घरच आहे की!" मी अशा वेळी इंजिन थंड होत असल्याचा बहाणा करून टिक टिक आवाज काढायचे. तो माझा लाजण्याचा आवाज आहे.

चालवायचे मात्र फक्त काका. काकू शेजारी नकाशा घेऊन. एकदा एका मोकळ्या माळावर काकू म्हणाल्या, "अहो, इथे मला चालवू द्या ना. आजूबाजूला एक झाडसुद्धा नाही."

"म्हणूनच नको," काका म्हणाले. "धडकायलाच काही नाही, मग थांबायचं कधी हे तुला कळणार कसं?"

काकूंनी नकाशा उलटा धरला. त्या दिवशी आम्ही तळ्याऐवजी एका सिमेंटच्या कारखान्यात मुक्काम केला. सूड कसा घ्यावा हे मी तिथे शिकले.

मग एका हिवाळ्यात काका गेले. मी अंगणात उभी राहिले ती राहिलेच. चिरंजीवांनी मला दोनदा बाहेर काढलं आणि सीट पाठीला टोचते असं सांगून परत आणून लावलं. पुढे चिरंजीवांचं लग्न झालं आणि सूनबाई आल्या. सूनबाईंचा व्यवसाय म्हणजे घरोघरी जाऊन कुत्र्यांना आंघोळ घालणं, केस कापणं, नखं कापणं. त्यासाठी गाडी हवी होती. आधी त्यांनी मलाच घेतलं, हे मला मान्य करावं लागेल. पण थंडीत सुरू होताना मी म्हशीसारखी खोकते. मी गल्लीत शिरले की कुत्री पलंगाखाली जायची. त्यातलं एक अजून पलंगाखाली आहे आणि त्याला जेवण तिथेच देतात, असं ऐकते.

म्हणून एके दिवशी ती आली. पांढरी, गुळगुळीत, विजेवर चालणारी. अंगणात शिरताना तिने एवढासासुद्धा आवाज केला नाही. चोर असेच शिरतात. अंगणात सॉकेट एकच, आणि ते माझ्या शेजारच्या भिंतीवर. म्हणून मला तिथून हलवायचं ठरलं. मी सुरू होईना, तेव्हा शेजारच्या चार माणसांनी मला ढकललं. मित्रांनो, ढकललं! मी डोंगर चढलेली बाई. मला जिन्याखालच्या कोळशाच्या पोत्यासारखं कोपऱ्यात सारलं, आणि माझ्या जागेवर ती जाऊन वायर तोंडात धरून पडली.

मी तिच्यात दोष शोधू लागले. फार वेळ लागला. तिला तेल बदलावं लागत नाही. तिचा धूर नाही. गल्लीतल्या गल्लीत दहा ठिकाणी थांबत फिरायचं, तर ती माझ्यापेक्षा स्वस्त पडते. हे वाक्य मला माझ्याच तोंडाने सांगावं लागलं, याचाही सूड मी घेणार आहे. कुत्रीसुद्धा तिच्यात स्वतःहून चढायची. शेवटी दोष सापडला. तिचं पोट भरायला तासन्‌तास लागतात, आणि आंघोळीचं पाणी तापवायला ती तीच वीज वापरते. थंडी पडली की आणखीच लवकर दमते.

चिरंजीवांना मात्र तिची सवय होईना. रोज सकाळी ते तिला फाटकाबाहेर काढून द्यायला बसायचे आणि बसूनच राहायचे.

"अहो, काय करताय?" सूनबाई विचारायच्या.

"गरम होऊ देतोय."

"तिच्यात गरम होण्यासारखं काय आहे?"

चिरंजीव थोडा विचार करायचे. "मीच होतोय बहुतेक."

माझ्या सुडाची सुरुवात साधी होती. ती मागे येऊ लागली की मी माझं मागचं दार हळूच उघडं पडू द्यायचे. काही जवळ आलं की तिला ओरडायची सवय आहे. ती टीं टीं टीं करत जागच्या जागी थांबायची. सूनबाई उतरून दार लावायच्या. पुढच्या वेळी मी पुन्हा उघडायचे. शिवाय तिचं चाक जिथे येतं नेमका तिथेच मी तेल गाळायचे. पण ती भांडायचीच नाही! उलट बोलणाऱ्याशी वैर निभावता येतं. गप्प राहणाऱ्याशी वैर म्हणजे एकट्याने सी-सॉ खेळणं.

खरी मदत मिळाली ती काकूंकडून. सूनबाई सकाळची फेरी संपवून दुपारी यायच्या, गाडी चार्जिंगला लावायच्या आणि गच्चीवर टॉवेल धुवायला जायच्या. कारण संध्याकाळी, लोक कामावरून परतले की, पुन्हा फेरी असायची. सूनबाई वर गेल्या की काकू खाली यायच्या. तिची वायर सॉकेटमधून उपसायच्या आणि माझी खोचायच्या. मग माझ्यात चढून पंखा लावायच्या, किटली ठेवायच्या. गच्चीवरची बादली वाजली, की माझी वायर काढून तिची परत जशीच्या तशी लावायच्या. तिचा हिरवा दिवा लुकलुकायचा. सूनबाईंना वाटायचं, दुपारभर पोटभर जेवली.

ती रोज अर्धपोटी निघू लागली. कंपनीचा मेकॅनिक येऊन सगळं तपासून गेला आणि म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे." चिरंजीव म्हणाले, "मग फसवलंय आपल्याला." मी कोपऱ्यात उभी राहून हे सगळं ऐकत होते. अशा आनंदाने माझा रंग थोडा परत आल्यासारखा वाटला.

आणि मग तो दिवस उजाडला. मालक गावाला गेले की कुत्र्यांना सांभाळणारं एक वसतिगृह आहे. तिथल्या बाईंनी सूनबाईंना एक झुपकेदार कुत्रा दिला होता. हा नीट धुतला तर वसतिगृहातली सगळी कुत्री कायमची तुमची, असं ठरलं होतं. सूनबाईंनी त्याला शेपटीपर्यंत साबण लावला, आणि नेमकी तेव्हाच गाडीची वीज संपली. पाणी थंड झालं. तो थंडगार पाण्याचा पहिला मग अंगावर पडताच कुत्र्याने उडी मारली आणि फेसासकट गावात गेला. वाटेत एका म्हाताऱ्याने त्याला बघून टोपी काढली. कोण समजला कोण जाणे.

संध्याकाळी ती अंगणात परत आली ती ओढून नेणाऱ्या ट्रकच्या पाठीवर. ट्रकवाल्याशेजारी सूनबाई आणि सूनबाईंच्या मांडीवर तो कुत्रा. त्याच्या अंगावर फेस वाळून तो चौकातल्या पुतळ्यासारखा दिसत होता. मी हॉर्न वाजवून स्वागत केलं असतं, पण माझी बॅटरी उतरली होती.

दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ सूनबाईंनी वसतिगृहाच्या कुत्र्यांसाठी मोकळी ठेवली होती. पण तिथल्या बाईंनी ते काम दुसऱ्या कुणाला दिलं होतं. म्हणून त्या गच्चीवरून लवकर उतरल्या, आणि त्यांना भिंतीपासून माझ्यापर्यंत गेलेली वायर दिसली. त्यांनी माझं दार उघडलं.

काकू पलंगावर नव्हत्या. त्या काकांच्या सीटवर बसल्या होत्या. डावा पाय क्लचवर, एक हात गिअरवर, नजर समोरच्या भिंतीवर. रोज दुपारी त्या हेच करायच्या. मी तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण ते आमच्या दोघींचं होतं.

"आई, कुठे निघालात?"

"थांब गं जरा," काकू मान न वळवता म्हणाल्या. "घाटात आहे. मागून ट्रक येतोय."

सूनबाई शेजारच्या सीटवर बसल्या. काकूंनी ट्रकला वाट दिली, गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मगच त्यांच्याकडे बघितलं.

"माझी गाडी तुम्ही उपाशी ठेवत होतात," सूनबाई म्हणाल्या.

"पंखा लागतो गं. घाटात फार उकडतं."

"हातातोंडाशी आलेलं काम गेलं माझं, आई."

काकूंनी पंखा बंद केला. मग सूनबाई म्हणाल्या, "गाडी शिकायची होती तर मला सांगायचं ना."

"तू हसली असतीस."

"हसलेच असते. मग शिकवलं असतं."

मित्रांनो, मला वाटलं आता कडाक्याचं भांडण होईल. सासू-सून आहेत, अंगण आहे, एकच सॉकेट आहे, आणखी काय लागतं? पण त्या दोघी उतरल्या आणि सरळ तिच्यात जाऊन बसल्या! माझ्या डोळ्यांदेखत! तिला क्लच नाही, गिअर नाही. पाय दाबला की चालते. काकू फाटकापर्यंत जाऊन आल्या आणि ओरडल्या, "अगं, ही तर शिलाई मशीनपेक्षा सोपी!"

माझ्यात बसून इतके घाट चढलेली बाई, आणि तिला शिलाई मशीनचं कौतुक. त्या दिवसापासून माझं वैर तिघींशी झालं.

काकू महिनाभरात शिकल्या. परवाना मिळाल्यावर पहिलं काम त्यांनी हे केलं, की स्वतः गाडी चालवत त्या वसतिगृहात गेल्या. "चूक सुनेची नाही, माझी आहे. हवं तर मलाच साबण लावून सोडा," असं त्या बाईंना म्हणाल्या. बाई हसल्या आणि काम परत मिळालं. घरात आनंदीआनंद झाला. त्या आनंदाच्या भरात चिरंजीव माझ्या बॉनेटवर हात टेकून म्हणाले, "आता आई तीच चालवते. मग ही अडगळ कशाला? काढून टाकू."

रविवारी गिऱ्हाईक आलं. त्याचा कोंबड्यांचा व्यवसाय होता. त्याने माझ्या पलंगावर वीत लावून मोजलं. "इथे अंड्यांवरच्या कोंबड्या बसतील," तो म्हणाला. कपाट उघडून म्हणाला, "इथे पिल्लं." कप टांगायच्या आकड्यांकडे बघून तो नुसताच हसला. त्या हसण्याचा अर्थ मी अजून लावलेला नाही आणि लावणारही नाही.

चिरंजीव हो म्हणणार, इतक्यात काकू किल्ली घेऊन बाहेर आल्या. "आधी मी चालवून बघते. चालली तर ती माझी. नाही चालली तर तुमच्या कोंबड्यांची."

माझी बॅटरी मेलेली. सूनबाईंनी दोन जाड वायरी आणल्या आणि तिच्या दिव्यांसाठीच्या छोट्या बॅटरीतून मला वीज दिली. शत्रूचं रक्त! मी तिथल्या तिथे शपथ घेतली, की सुरू व्हायचं नाही. राहा म्हणावं त्या शिलाई मशीनबरोबर. काकूंनी किल्ली फिरवली. मी गप्प. पुन्हा फिरवली. मी एक उसासा टाकला आणि थांबले. काकू स्टिअरिंगवर वाकल्या. त्या हळूच म्हणाल्या, "अगं, तिच्यात बसून मला नुसतं जाता येतं. घाट तुझ्याबरोबरच चढायचाय मला."

मी तरीही गप्प. वैर म्हणजे वैर.

तेवढ्यात कोंबडीवाला म्हणाला, "असू द्या हो बंदच. कोंबड्यांना कुठे जायचंय?" आणि चिरंजीव हसले.

मित्रांनो, सूड कुणाकुणावर घ्यायचा याची घाई झाली की सगळ्यात जवळ उभा असलेला माणूस निवडावा. मी सुरू झाले. पहिला खोकला कोंबडीवाल्याच्या पांढऱ्या शर्टावर, दुसरा चिरंजीवांवर, आणि तिसरा, खूप दिवस साठवलेला, तिच्या गुळगुळीत पांढऱ्या अंगावर. ती टीं टीं टीं करत राहिली. काकूंनी क्लच सोडला. अंगणातल्या दुपारी वाया गेल्या नव्हत्या, मी एकदाही बंद पडले नाही. जाता जाता तिचा डावीकडचा आरसा माझ्याबरोबर आला. काकू म्हणतात, चुकून झालं. काकूंचं म्हणणं मी खोडून काढत नाही.

आता गावातली कामं ती करते आणि लांबची मी. तिच्यात कुत्री बसतात, माझ्यात काकू. मी तिला माफ केलेलं नाही. तिची थोडीशी वीज माझ्यात आहे, हा अपमान मी विसरणार नाही.

तेव्हा मित्रांनो, जुन्या गाडीची काळजी घ्या. आठवड्यातून एकदा तिला सुरू करा, तेल बघा, चाकांत हवा भरा, बॅटरी उतरू देऊ नका. आणि कधी विकायचं ठरलंच, तर ती चर्चा घरात, दार लावून करा. तिच्यासमोर उभं राहून करू नका. आम्हाला हात नसतात, हे खरं. पण उतारावर उभं केलंत तर त्यांची गरजही पडत नाही.