पोटाखालची गळती

१९९८ सालची गोष्ट आहे. मी बर्फाळ किनाऱ्यावरच्या एका गावातल्या जुन्या बर्फगाडीचा रेडिएटर आहे. मित्रांनो, माझी जागा गाडीच्या पोटाखाली. गाडी ढकलणाऱ्या रबरी पट्ट्याने उडवलेला बर्फ अंगावर घ्यायचा आणि इंजिनाचं गरम पाणी गार करून परत पाठवायचं, एवढंच माझं काम. म्हातारा कोपाक मला दर उन्हाळ्यात पुसून ठेवायचा. "याच्यामुळे मी घरी येतो," असं शेजाऱ्यांना सांगायचा.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात, गोठलेल्या समुद्रावर मी गळलो. पाणी संपलं, इंजिन अडकलं. कोपाक चालत निघाला आणि पांढऱ्यात दिसेनासा झाला. दोन दिवसांनी त्याचं प्रेत बर्फावरून ओढायच्या स्लेजवर घालून घरी आणलं.

वसंतात त्याच्या मुलाला, उलायुकला, मुलगी झाली. तिला कोपाकचंच नाव दिलं. आमच्याकडे मानतात, नावाबरोबर गेलेला माणूस परत येतो. म्हणून उलायुक लेकीला 'बाबा' म्हणे आणि कोपाकची बायको अर्नालुक नातीला 'अहो'.

सहा वर्षं मी घरामागे पडून होतो. मग उलायुकची नवी गाडी मोडली, घरातलं मांसही संपलं. त्याने आमचं इंजिन दुरुस्त केलं आणि मला सोडवून स्वयंपाकघरात, शिकार केलेले सील प्राणी कापायच्या पुठ्ठ्यावर ठेवलं. एक तोंड बुचाने बंद केलं, दुसऱ्याला सायकलचा पंप लावला, अंगभर साबणाचं पाणी फासलं. मधोमध बुडबुडे आले. तिथे घासून, तापवून त्याने ॲल्युमिनियमची कांडी वितळवली आणि भोक बुजवलं.

"झालं. उद्या शिकारीला निघतो."

"पुढच्या टोकालापण भोक आहे. आतल्या कडेला," सुका मासा चावत मुलगी म्हणाली.

"तिथे बुडबुडा नाही, बाबा. तुम्ही आधी नाक पुसा."

शिवत बसलेल्या अर्नालुकची सुई थांबली. "वडिलांची थट्टा करतोस?"

"आई, ती सहा वर्षांची आहे!"

"मग सहा वर्षांच्या बापाचं ऐक. अहो, नक्की कुठे?"

मुलीने बोट ठेवलं. उलायुकने काजळी खरवडली. खाली वाळलेला राखाडी डिंक होता आणि त्यात दाबलेल्या कोपाकच्या अंगठ्याचा ठसा. गार असताना तो डिंक धरून राही, मी तापलो की सुटे. तो निघाला, तशी खालची बोटभर चीर दिसली.



"त्यांना माहीत होतं," उलायुक म्हणाला. "आपल्याला सांगितलं नाही."

"तेव्हा घाई होती ना," मुलगी म्हणाली आणि पुन्हा मासा चावू लागली.

दुसऱ्या दिवशी तो गेला नाही. चीर भरली, उकळतं पाणी फिरवून पाहिलं. तिसऱ्या दिवशी गेला आणि दोन सील घेऊन परत आला.

अर्नालुक तीन वर्षांनी वारली. उलायुक आता गावात घरोघरी पाणी पोचवणारा ट्रक चालवतो. मुलगी विमानतळावर सामान तोलते; तिला यातलं काहीच आठवत नाही. मी पुन्हा घरामागे आहे. वारा नळीत शिरला की मला पावलं ऐकू येतात, दूर जाणारी.

मित्रांनो, घाईत कुठे डिंक लावलात तर ती जागा घरच्यांना दाखवून ठेवा. आम्हा यंत्रांना ती ठाऊक असते, पण सांगता येत नाही.