जुन्या इंजेक्टरची साक्ष

मित्रांनो, इंजेक्टर म्हटल्यावर तुम्हाला दवाखान्यातली सुई आठवली असेल, तर घाबरून दंड झाकू नका. मी मोटारीच्या इंजिनातला जुना इंजेक्टर आहे. अंगानं बोटाएवढा, तोंडाला केसासारखी चार बारीक छिद्रं. त्यांतून पेट्रोलचा फवारा इंजिनात सोडायचा, एवढंच माझं काम. ते मी नऊ वर्षं बिनचूक केलं, हे सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही.

आमचा मालक गुरुप्रसाद शिवाजी पेठेत राहतो आणि शाळेत गणित शिकवतो. त्याला आणि त्याच्या आईला, म्हणजे माईंना, आम्ही चौघा इंजेक्टर भावांनी कितीदा जोतिबाला नेलं, नेसरीला मामाच्या घरी नेलं. लोक गाडीच्या लाल रंगाचं कौतुक करायचे. आमचं नाव कुणी घेतलं नाही. इंजिनात बसणाऱ्यानं मानपानाची अपेक्षा धरू नये, हे मला तेव्हाच कळलं.

मग गुरुप्रसादला शर्यतीचं वेड लागलं. त्यानं मोठा टर्बो बसवला. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. हवा वाढली की पेट्रोलही वाढायला हवं. आम्ही जीव तोडून तोंड उघडं ठेवलं, तरी पुरे पडेना. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मुलांना शिकवणारा हा माणूस स्वतः विसरला. इंजिन तापून टकटक करू लागलं आणि गाडी उद्यमनगरात दादासोंच्या गॅरेजात आली.

दादासो मूळचे मुरगूडचे. त्यांची लेक दीप्ती इंजिनीअरिंग करून लॅपटॉपवर इंजिन जुळवण्याची विद्या शिकली होती. पण गिऱ्हाइकं तिला ओलांडून दादासोंनाच विचारायची. ही गाडी तिची पहिली स्वतंत्र कामगिरी होती. इंजिन बिघडलं असतं, तर पुन्हा कुणी तिच्या हातात गाडी दिली नसती.

तिनं आम्हाला उतरवलं, माप घेण्याच्या बाकावर, म्हणजे फवारा मोजणाऱ्या यंत्रावर, प्रत्येकाचा फवारा काचेच्या नळीत धरला आणि वहीत लिहिलं. माझ्यापुढे आकडा होता, अर्ध्या मिनिटाला एकशे चाळीस मिली. मग गुरुप्रसादला मोठे इंजेक्टर मागवायला सांगून तिनं आम्हाला डब्यात ठेवलं. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.

दसऱ्यानंतर गुरुप्रसाद नवे इंजेक्टर घेऊन आला. नारळ फोडायला माईही आल्या होत्या.

"बसवून टाक लगेच. रविवारी ट्रॅकवर जायाचं हाय," गुरुप्रसाद म्हणाला.

"आधी माप घेऊया," दीप्ती म्हणाली.

"अगं, नवीनच हायेत की! काका, तुम्हीच सांगा हिला."

दादासो हात पुसत म्हणाले, "मी कशाला सांगू? काम तिचं हाय."

बाक सुरू झाला. तीन नळ्या दोनशे वीसपर्यंत भरल्या. चौथी जेमतेम निम्मी.

"तुझा बाकच बिघडलाय," गुरुप्रसाद म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, आणि शेजारच्या गॅरेजातली माणसंही वळून बघू लागली. दीप्तीचा चेहरा उतरला. क्षणभर मला वाटलं, ही आता हार मानते.

तिनं डबा उघडला आणि मला काढून त्या चौथ्या जागी बसवलं. मित्रांनो, आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो! मी चुकलो असतो तर ती खोटी पडली असती. अर्ध्या मिनिटानं सगळे नळीवर वाकले. बरोबर एकशे चाळीस. वहीतल्या आकड्याएवढंच.

"बाक बरोबर हाय," दीप्ती म्हणाली. तिनं तो नवा इंजेक्टर भिंगाखाली धरला. छिद्रांत पिवळा-लाल लगदा घट्ट बसला होता.

माई पुढे आल्या. "अगं बाई! खंडेनवमीला मीच पुजलं त्यांना. टोप्या काढून प्रत्येकाच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. ह्याला पहिला म्हणून जरा जास्तच."

ज्याला त्या कपाळ समजल्या होत्या, ते त्या बिचाऱ्याचं तोंड होतं. गुरुप्रसादनं दुसऱ्या दिवशी चौघांनाही वरवर पुसलं होतं. दादासोंच्या घरी हत्यारांना तेल लावतात, हळदीकुंकू लावत नाहीत; त्यामुळे दीप्तीला हे सुचणं शक्यच नव्हतं.

गुरुप्रसाद मटकन स्टुलावर बसला. "असाच बसवला असता तर?"

"एका सिलिंडरला पेट्रोल कमी पडलं असतं. भरवेगात तापून पिस्टन वितळला असता."

माईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दीप्तीनं त्यांचा हात धरला. "माई, तुमची पूजा चुकली न्हाय. जागा तेवढी चुकली." मग माई रडता रडता हसल्या.

दीप्तीनं चौघांनाही धुऊन काढलं, पुन्हा माप घेतलं, लॅपटॉपवर नवा हिशेब बसवला. रविवारी इंजिन टकटक न करता पळालं. गुरुप्रसाद सातवा आला, तरी पहिला आल्यासारखा नाचला.

परवा एक पावणा गाडी घेऊन आला आणि सवयीनं दादासोंकडे वळला. मी काही बोलायच्या आत, म्हणजे मला बोलता आलं असतं तर, तिथं बसलेला गुरुप्रसादच ओरडला, "ओ पावणं, तिकडं कुठं? दीप्तीताईंना इचारा की!"

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. नवी वस्तू आणलीत तरी तिची नीट पारख करा, जुनी टाकण्याआधी तिची किंमत ओळखा. आणि काम जाणणारी एखादी मुलगी "थांबा" म्हणाली, तर तिच्या वडिलांकडे बघू नका. थांबा.