दक्षिणेच्या खिडकीतला दिवा

“बाबा, सगळं बंद केलंत ना? शेगडी, दिवे?” कपिलने दारातून विचारलं.

“हो रे,” यशवंतराव म्हणाले आणि चेहरा दिसू नये म्हणून बुटाची नाडी बांधायला वाकले.

बाहेर पोलिसांची गाडी भोंग्यावरून घरं सोडायला सांगत फिरत होती. रेल्वेलाइनीजवळ खणताना महायुद्धातला बॉम्ब सापडला होता, न फुटलेला. तो निकामी होईपर्यंत वस्तीने शाळेच्या हॉलमध्ये जाऊन बसायचं होतं.

हॅनोव्हरच्या कडेची ही वस्ती त्यांना ठाऊक होती ती पत्नी मालिनीबाईंच्या तोंडून. शेजारच्या म्हाताऱ्या फ्राऊ ल्यूडर्सबरोबर त्या रोज फिरायला जायच्या आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये कळेल ते चहाच्या वेळी सांगायच्या. “अहो, इथे पूर्वी नुसती दलदल होती. उत्तरेला कालवा, दक्षिणेला रेल्वे, मध्ये कोबीची शेतं. विमानं यायची ती रेल्वेसाठी. पण माती इतकी मऊ, की कितीतरी बॉम्ब न फुटताच रुतले. आणि आपण वर बसून चहा पितोय!” असं म्हणून हसायच्या.

त्या गेल्या, त्याला अजून तेरा दिवस झाले नव्हते. बैठकीच्या खिडकीत, दक्षिणेकडे वात करून त्यांच्या नावाचा दिवा तेवत होता. तो विझू द्यायचा नसतो. यशवंतरावांनी निघताना काठोकाठ तेल घातलं होतं.

हॉलमध्ये खाटा मांडल्या होत्या. डिसेंबरचा दिवस, दुपार सरली नाही तोच काळोख झाला. बॉम्ब फुटला तर घर जाईल, ही भीती सगळ्यांनाच होती. यशवंतरावांना खिडकीच्या पडद्याचीही होती. पडदा दिव्यापासून किती लांब होता? आठवेना. शेजारी फ्राऊ ल्यूडर्स मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. दार आपटलं की दचकत होत्या. लहानपणी, बॉम्ब पडायचे तेव्हा, त्या याच वस्तीत तळघरात बसल्या होत्या, असं मालिनीबाईंनी सांगितलेलं.

अग्निशमन दलाचा एक जवान आत आला आणि त्यांच्या घराचा नंबर पुकारू लागला. कपिल उठून त्याच्याशी बोलला आणि पांढराफटक होऊन परतला.

“बाबा, आपल्या खिडकीत उजेड हलतोय म्हणे. आत कोणी नाही हे बघितल्याशिवाय ते बॉम्बला हात लावत नाहीत. सगळे खोळंबलेत! तुम्ही तर म्हणालात...”

“आईचा दिवा आहे तो.”

कपिलने जवानाकडे वळून पाहिलं. “आल्झो... म्हणजे, आता काय सांगू ह्याला? विझवावा लागेल म्हणतो.” मग हळूच म्हणाला, “मी विनंती करून बघू का?”

यशवंतरावांनी शेजारी पाहिलं. फ्राऊ ल्यूडर्सनी दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले होते. आवाज कसलाच नव्हता. मालिनी असती तर हिचा हात धरून बसली असती.

त्यांनी खिशातून किल्ली काढून जवानाच्या हातावर ठेवली. “विझव म्हणावं. पण फुंकर मारू नकोस, सांग.”

कपिलने सांगितलं. जवानाला कळेना, मग कसा? यशवंतरावांनी चिमटीत हवा धरून वात हळूच तेलात ओढल्यासारखं केलं. जवानाने हातमोजा काढला, तशीच चिमटी करून दाखवली. “गेनाऊ, अगदी असंच,” कपिल म्हणाला.

तो गेल्यावर यशवंतरावांनी फ्राऊ ल्यूडर्सचा एक हात कानावरून काढून आपल्या हातात घेतला. बॉम्ब निकामी झाल्याचा भोंगा वाजून लोक टाळ्या पिटू लागेपर्यंत कोणी सोडला नाही.

घर होतं तिथेच होतं. पडदा बाजूला सारून खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता. वात तेलात बुडालेली. दिव्याच्या पितळी कडेवर काजळीचा एक ठसा उमटला होता, मोठ्या, उघड्या बोटाचा.

“पुसू का बाबा?” कपिलने विचारलं.

“असू दे,” यशवंतराव म्हणाले. त्यांनी वात वर सरकवली आणि काडी ओढली.