दूरचा ठिपका

बैठक अकराला होती. धाकट्या मुलाचं लग्न ठरत होतं, म्हणून सासूबाईंनी थोरल्या सुनेला सकाळीच बजावलं. चहा करून ठेव, कप पूस, आणि पाहुणे आले की मागच्या खोलीत. दार लावून.

सुनेला हे नवीन नव्हतं. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. एकतीस वर्षांचा माणूस, बुटाची नाडी बांधता बांधता बसल्या जागी गेला. त्याच दिवशी, माणसांनी भरलेल्या खोलीत सासूबाई म्हणाल्या होत्या, "हिने खाल्लं माझ्या पोराला." तेव्हापासून घरात काही चांगलं असलं की सून आत. शेजारणींनी ते वाक्य उचललं. किराणावाल्याने पण. सासरे पेपर वाचायचे. तोंडासमोर धरून.

सून एका प्रयोगशाळेत प्रथिनांवर काम करायची. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ, चुरगळून गोळा झालेली. ती प्रत्येक मण्याचा एक ठिपका काढायची आणि जे मणी एकमेकांना टेकतात त्यांच्यात रेघ. झालं जाळं. मग बघायचं, निरोप कुठून कुठे जातो, आणि कुठला ठिपका पुसला की सगळं तुटतं.

नवरा गेल्यावर तपासणीत त्याच्या हृदयाच्या एका प्रथिनातला एक मणी बदललेला निघाला होता. सासूबाईंचंही रक्त घेतलं होतं. बदल त्यांच्याकडूनच आलेला. पण डॉक्टर म्हणाले, हा मणी प्रथिनाच्या कामाच्या जागेपासून फार दूर आहे, निरुपद्रवी. कागद कपाटात गेला. सुनेनेही मान डोलावली होती. ह्याचा तिला स्वतःवर सगळ्यात जास्त राग होता. दूर म्हणजे बिनकामाचं, हे तिने मानलंच कसं?

दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी ती ते एकच जाळं घेऊन बसली. तो दूरचा ठिपका पूल निघाला. निम्मे निरोप त्याच्यावरूनच जात होते. चित्र म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून प्रयोगशाळेतल्या साहेबांच्या मागे लागून तिने पेशींवर प्रयोग करून घेतला. प्रयोगही तेच बोलला.

मग तिने दिराला गाठलं, रक्त तपासायला दे म्हणाली. "घे वहिनी, आता मला पण खा," असं तो हसत बोलून गेला, आणि लगेच त्याची मान खाली गेली. बदल त्याच्यातही निघाला.

निकाल तिने त्याच्यापासून एक दिवसही अडवून ठेवला नाही. गोळ्या सुरू झाल्या, धावणं बंद झालं. होणाऱ्या बायकोला त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं आधीच कळलं. फक्त आईला सांगायचं नाही, एवढं वचन वहिनीने त्याच्याकडून घेतलं. तिला भरलेली खोली हवी होती.

अकरा वाजता ती भरली. मुलीच्या आईने थोरल्या सुनेची चौकशी केली. सासूबाईंनी सुस्कारा सोडला. नशीब, म्हणाल्या, तिच्या पायगुणानेच माझा...

मागचं दार उघडलं.

"आत जा," सासूबाई ओठ न हलवता म्हणाल्या.

सून नवऱ्याच्या खुर्चीत बसली. दिराकडे बघितलं. त्याने होकाराची मान हलवली, तसे तिने कागद मांडले आणि पाच मिनिटांत सगळं सांगितलं. कुणीतरी पुटपुटलं, म्हणजे आईकडूनच आलं की. सगळ्या नजरा सासूबाईंकडे वळल्या. ह्या नजरा सुनेच्या चांगल्या ओळखीच्या होत्या. तिने त्या मुद्दाम तिथे राहू दिल्या. सासूबाईंच्या मानेवर घाम फुटेपर्यंत.

मग म्हणाली, "रक्तात काय आलं ते तुमच्या हातात नव्हतं, आई. जीभ होती."

"पोर गेलं होतं गं माझं."

"माझा नवरा गेला होता. मी कुणाला म्हटलं, तुम्ही खाल्लं म्हणून? याच खोलीत बोललात, याच खोलीत परत घ्या."

"हिने नाही खाल्लं," सासूबाई पदराआडून म्हणाल्या.

"मोठ्याने. किराणावाल्यापर्यंत जायचंय ते."

सासूबाई मोठ्याने म्हणाल्या. मग माफीही मागितली. ती सुनेने दिली नाही.

"चहा आत झालाय," ती खुर्चीतूनच म्हणाली. "ज्याला हवा त्याने आणा."

कुणी हललं नाही. शेवटी सासरे उठले, पेपर खाली ठेवला, आत गेले. कपाटांची दारं उघडल्या-मिटल्याचे आवाज येत राहिले. कप कुठे असतात हे त्यांना माहीत नव्हतं.

सुनेने सांगितलं नाही.