प्रभाबाईंचं पान

मी एकतीस वर्षं शाळेत हेडक्लार्क होतो. कुठला कागद कुणाला दाखवायचा आणि कुणाला नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. शिक्षकांच्या गोपनीय अहवालांचं कपाट माझ्या ताब्यात असायचं आणि त्याची किल्ली माझ्या जानव्याला. पाच मुख्याध्यापक आले आणि गेले, पण त्या कपाटातली एक ओळ बाहेर फुटली नाही. असा मी, वेणीमाधव, आणि सदुसष्टाव्या वर्षी एका वीतभर फोननं माझी पार दैना केली.

सुरुवात झाली सिद्धेश्वर तलावाच्या काठी. सकाळचं फिरणं झालं की मी आणि शिवयोगी तिथल्या बाकावर बसतो. शिवयोगी माझा चाळीस वर्षांचा मित्र. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. त्याला पुतणीकडं जेऊरला जायचं होतं, गाडीची वेळ बघायची होती, आणि स्वतःचा फोन तो घरी विसरला होता.

"दे की रे तुझा. लई कामाचा फोन हाय काय तुझा?"

मी निर्धास्त दिला. फोन दोन दिवस मधूनच बंद पडून आपोआप चालू होत होता, तेवढीच त्याची खोड. बाकी मी रोज सगळी पानं फुल्या मारून बंद करत होतो. शिवयोगीनं ब्राउझर उघडला आणि गाडीच्या वेळापत्रकाऐवजी पडद्यावर आला प्रभाबाईंचा फोटो. खाली त्यांचं नाव, वय एकसष्ट, शिक्षण, आणि त्यांनी स्वतःबद्दल लिहिलेल्या चार ओळी.

शिवयोगीनं चष्माही आणला नव्हता. फोन हातभर लांब धरून, डोळे बारीक करून त्यानं विचारलं, "कोण रे ह्या बाई? वळकीच्या वाटतात की."

"मामेबहीण," मी म्हणालो आणि फोन जवळजवळ हिसकावून घेतला.

मला मामा नाही, हे शिवयोगीला चाळीस वर्षं माहीत आहे. तो काही बोलला नाही, आणि शिवयोगी बोलत नाही तेव्हा फार भीती वाटते.

आता प्रभाबाईंबद्दल सांगायला हवं. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा आशिष आणि सून उत्कर्षा मला काही कमी पडू देत नाहीत. पण दोघं सकाळी नऊला कामावर गेले की संध्याकाळी सातपर्यंत मी घरात पंख्याशी बोलतो. मला एकटं राहवत नाही. हे लिहिताना लाज वाटत नाही, तोंडानं बोलायला मात्र वाटते. म्हणून वर्षापूर्वी गुपचूप एका संस्थेत नाव नोंदवलं. ती उतारवयातल्या माणसांची लग्नं जुळवते. तिच्या वेबसाइटवर सभासदांची माहिती सभासदांनाच दिसते, तीही पासवर्ड घातल्यावर. तिथं मला प्रभाबाई भेटल्या. निवृत्त शिक्षिका, आपल्याच सोलापूरच्या, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, राहायला थोरल्या भावाकडं.

किल्ल्याच्या बागेत आम्ही दोनदा भेटलो. तिकीट काढून आत गेलं की ओळखीचं कुणी भेटत नाही. दुसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, "माझी एकच अट आहे. वहिनीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की दादाला मी सांगेन. माझ्या घरी मी सांगेपर्यंत तुमच्या घरी नाही, मित्रांत नाही, कुठंच नाही. जमेल?"

"एकतीस वर्षं तेच केलंय," मी छाती फुगवून म्हणालो होतो.

आणि आता तलावाच्या काठी, भर सकाळी, त्यांचा फोटो शिवयोगीच्या हातात!

घरी न जाता मी थेट नवी पेठ गाठली. तिथं कापडाच्या दोन दुकानांच्या मध्ये मोबाइल दुरुस्तीचं एक दुकान आहे. काउंटरवरच्या तरुणाला मी हळू आवाजात विचारलं, "बंद केलेलं पान पुन्हा आपोआप उघडतं का हो?"

"उघडतंय की काका. फोन मधीच बंद पडला तर चालू झाल्यावर आधीचं सगळं परत आणतोय. आणि तसं पण, तुमी फुली मारली म्हणजे ते गेलं असं नसतंय. अलीकडं बंद केलेल्या पानांची यादी असतीय आत. द्या इकडं, पुसून देतो."

"फोन न देता सांगा."

"फोन न देता कसं सांगू?"

"तोंडी सांगा. मी करतो."

त्यानं माझ्याकडं खालून वर पाहिलं. मग मोठ्यानं, शेजारच्या गिऱ्हाइकालाही ऐकू जाईल असं सांगितलं, "काका, इथं रोज लई जण येतात. लाजायचं नसतंय." मी तडक बाहेर पडलो. माझं वय, माझे पांढरे केस, कपाळावरचं गंध, आणि हा मला काय समजला!

घरी आल्यावर स्वतःच खटपट केली. इतिहास पुसायचं काहीतरी सापडलं, ते दाबलं. मग खात्री करायला ब्राउझर उघडला तर प्रभाबाई जागच्या जागी. वर पासवर्डसुद्धा विचारला नाही. तेव्हा आठवलं, पासवर्ड सारखा विसरतो म्हणून 'लक्षात ठेवा' या शब्दांपुढं मीच बरोबरची खूण केली होती. पुन्हा फुली मारली. पुन्हा उघडून पाहिलं. फोन मध्येच बंद पडून चालू झाला की बाई परत हजर. दिवसातून वीस वेळा उघडायचं आणि वीस वेळा बंद करायचं, हा चाळाच लागला. जेवताना फोन मांडीखाली. आंघोळीला जाताना फोन दुधाच्या पिशवीत गुंडाळून आत. आशिषनं सहज "अप्पा, लाइट गेल्यात, तुमचा टॉर्च लावा" म्हटलं तर मी अंधारात मेणबत्ती शोधत फिरलो. मला धड जेवण जाईना की वर्तमानपत्र वाचवेना.

उत्कर्षा बँकेत आहे. म्हाताऱ्यांना फोनवर खोटे पोलीस बनून धमकावणाऱ्यांच्या गोष्टी तिथं रोज कानावर येतात. सहाव्या दिवशी तिनं मला समोर बसवलं.

"अप्पा, खरं सांगा. कुणी तुम्हाला फोन करून घाबरवतंय का? घरी कुणाला सांगू नका, असं म्हणतंय का?"

घरी कुणाला सांगू नका, असं खरोखरच एक व्यक्ती म्हणत होती. माझा चेहरा पडला असणार.

"नाही गं," मी म्हणालो.

"मग फोन दाखवा."

"नाही."

तिनं आशिषकडं पाहिलं, आशिषनं तिच्याकडं. मी उठून खोलीत गेलो आणि कडी लावली. माझी लाज एक वेळ गेली तरी चालेल, पण बाईंना दिलेला शब्द जाता कामा नये, एवढंच डोक्यात घुमत होतं.

दुसरा दिवस सोमवार. सोमवारी मी सोवळ्यानं रुद्राभिषेक करतो, वडिलांपासून चालत आलेलं आहे. सोवळं नेसल्यावर फोनला हात लावायचा नाही, म्हणून तो बाहेरच्या कोनाड्यात ठेवला. आठवडाभर फोन माझ्यापासून दोन हात लांब राहिला तो एवढाच. अभिषेक निम्म्यावर आला होता, पिंडीवर धार चालू होती, आणि देवघराच्या दारातून मला दिसलं, उत्कर्षानं फोन उचलला. त्याच्या कुलुपाचे चार आकडे तिनंच मला घालून दिले होते.

मला उठता येईना आणि मध्ये बोलता येईना. मी आवाज चढवला. तोंडानं "नमः" आणि डोळ्यांनी "ठेव तो खाली!" असं चाललं होतं. एक ओळ दोनदा म्हटली, पुढची गाळली. ती बोटानं पडदा सरकवत होती. मग थांबली. फोन डोळ्यांजवळ नेला. आणि हसत, पदरानं डोळे पुसत स्वयंपाकघरात पळाली.

अभिषेक कसा संपवला ते त्या शंकरालाच ठाऊक. बाहेर आलो तर ती दारातच उभी.

"अप्पा, अहो या आमच्या प्रभाबाई! आठवीला विज्ञान शिकवायच्या आम्हाला. एवढी चांगली गोष्ट, आणि तुम्ही आठवडाभर चोरासारखे वागताय? मी तर तुमच्या चिंतेनं अर्धी झाले!"

आशिष मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "आईला काही वाटलं नसतं, अप्पा." मला तिथंच रडू कोसळलं. इतका हलका मी सहा वर्षांत झालो नव्हतो.

डोळे पुसून मी म्हणालो, "फक्त एक करा. बाहेर कुणाला बोलू नका. बाईंनी अजून भावाला सांगितलेलं नाही."

उत्कर्षाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"अप्पा, मी उर्वीला आत्ताच फोन केला. बाईंच्या भावाची मुलगी. माझी वर्गमैत्रीण आहे ती. मला वाटलं, त्यांच्या घरी माहीत असणारच."

मंगळवारी दुपारी प्रभाबाईंचा फोन आला. "चार वाजता बागेत या," एवढंच बोलल्या.

मी साडेतीनलाच जाऊन बसलो. त्या आल्या, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. मी सगळं सांगितलं, तलावापासून कोनाड्यापर्यंत. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "पासवर्ड लक्षात ठेव, असं फोनला कुणी सांगितलं होतं?"

"मी."

"आणि दुकानदाराकडून पुसून का नाही घेतलंत?"

"लाज वाटली."

त्यांनी समोरच्या बुरुजाकडं तोंड वळवलं.

"माझं लग्न ठरलं तेव्हा मी कॉलेजात होते," त्या म्हणाल्या. "घरी आले तर शेजारणीनं मला सांगितलं, तुझं ठरलं म्हणून. हे गेले तेव्हा मी वर्गावर होते. माझ्याआधी शिपायाला कळलं होतं. माझ्या बाबतीतली प्रत्येक बातमी मला दुसऱ्यांकडून कळाली. ही एक मी माझ्या तोंडानं सांगणार होते. दोन महिने वाक्यं जुळवत होते हो मनात. दादा चहा घेत असेल, तेव्हा मी अशी समोर बसेन, असं म्हणेन. आणि काल देवळातून घरी आले तर वहिनी डोळ्याला हिरवी पट्टी बांधून, हातात पेढा घेऊन दारात उभी. दादा खूश, उर्वी फोनवर रडतेय. कुणी रागावलंच नाही. म्हणून मला रागावतासुद्धा येईना."

फोन वाईट म्हणालो असतो, सून उतावळी म्हणालो असतो. पण त्यांनी विश्वासानं लिहिलेल्या चार ओळी माझ्या ताब्यात होत्या आणि त्या मला सांभाळता आल्या नाहीत.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "तुमचं सांगणं मी हिरावून घेतलं."

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून हलवली नाही.

मग धीर करून मी विचारलं, "सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलंय. तुमचं काय ठरलंय, ते मी विचारू का?"

"विचारा. अजून कुणी विचारलेलं नाही."

मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं. उठताना म्हणाल्या, "दादाला हे मी रविवारी चहाच्या वेळी सांगणार आहे."

घरी आलो तर दारातच उत्कर्षा, तिच्यामागं आशिष, आणि सोफ्यावर, बोलावलं नसतानाही, शिवयोगी. तिघांनी एकदमच विचारलं, काय म्हणाल्या बाई?

मी चपला काढल्या, पाय धुतले आणि म्हणालो, "ते बाई सांगतील."