आसवलीच्या सड्यावर

पौषातली पहाट होती. सह्याद्रीच्या माथ्यावर धुके निजले होते. दरीदरीतून, घळीघळीतून, कारवीच्या वाळल्या काटक्यांतून ते संथ, शुभ्र, निःशब्द पसरले होते. पूर्वेला, जिथे डोंगरांच्या रांगा एकीमागे एक निळ्या होत, फिकट होत, आभाळातच विरत होत्या, तिथे केशराची एक रेघ उमटली. तेवढ्याच उजेडात अभयारण्याचे फाटक दिसू लागले. दवाने ओथंबलेले, अजून मिटलेले.

त्या मिटल्या फाटकापाशी ठकूबाई झोरे उभी होती. सत्तरी उलटलेली, अंगाने काटकुळी, डोक्यावरून काळी घोंगडी घेतलेली. आदल्या दिवशीच्या मुक्कामी एसटीने ती एकटीच आली होती. देवळाच्या पडवीत अंग टेकले होते, आणि कोंबडा आरवायच्या आत उठून इथे येऊन उभी राहिली होती.

सव्वीस वर्षांपूर्वी ती याच वाटेने डोंगर उतरली होती. तेव्हा फाटक नव्हते. वाघासाठी रान मोकळे करायचे ठरले, आणि आसवलीच्या सड्यावरचा, म्हणजे माथ्यावरच्या पठारावरचा, अकरा घरांचा धनगरवाडा म्हशी-रेडकांसकट, चुली-जात्यांसकट खाली सपाटीला गेला. सपाटीला जमीन मिळाली, नळाला पाणी मिळाले, पोरांना शाळा मिळाली. तक्रार करावी असे काही नव्हते. दिवस गेले. घरधनी गेला. लेक शहराकडे गेले. एकेका ओट्यावरची एकेक घोंगडी उठत गेली.

राहिल्या होत्या दोघी जावा. ठकूबाई आणि हौसाबाई. संध्याकाळी ओट्यावर बसून त्या दोघी सडा बोलत. एकीने म्हणावे, “झऱ्यावर पाय घसरला ती म्हैस...” आणि दुसरीने म्हणावे, “एका शिंगाची.” एकीने म्हणावे, “त्या साली धुकं बसलं...” आणि दुसरीने म्हणावे, “आठ दिस चूल दिसली न्हाई.” अर्धे वाक्य हिचे, अर्धे तिचे, आणि दोन अर्ध्यांच्या मध्ये तो सगळा सडा, गवतासकट, झऱ्यासकट, धुरासकट, उभा राही.

कार्तिकात हौसाबाई गेली. त्यानंतर ठकूबाईचे वाक्य अर्धेच राही. संध्याकाळ येई, अंधार ओट्यावर चढे, आणि तिला वाटू लागे की हे सगळे खरेच होते का? अकरा घरे होती की आपणच मनाने रचली? विचारावे तर कुणाला? म्हणून ती आली होती.

सूर्य उगवला तसे फाटक उघडले. चौकीतल्या वनरक्षकाने वही पुढे ओढली. “नाव सांगा. येण्याचं कारण?”

“घर बगाया,” ठकूबाई म्हणाली.

त्याने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा वहीकडे. वरच्या दोन ओळींत जे लिहिले होते तेच त्याने तिच्या नावापुढेही लिहिले. पक्षीनिरीक्षण.

वरच्या दोन ओळी परचुरे दांपत्याच्या होत्या. पुण्याची ऋजुता आणि तिचा नवरा अनिकेत. दोघांच्या गळ्यात दुर्बिणी, मांडीवर लांब नळीचे कॅमेरे. त्यांच्या उघड्या जीपमध्ये मागची बाजू रिकामी होती. गाडी चालवणारा सदानंद चाळके फाटकाजवळच्याच गावचा, तिशीचा, वाटाड्याही तोच. त्याने ठकूबाईला हात देऊन वर घेतले.

“आजी, काय बी झालं तरी गाडीतनं खाली उतरायचं न्हाई. नियम हाय.”

“बरं,” ती म्हणाली.

आणि जीप धुक्यात शिरली.

अरण्य जागे होत होते. जांभळीच्या गर्द छायेतून, हिरड्याच्या दवभारल्या डहाळ्यांतून स्वर झिरपू लागले. एक इथे, एक तिथे, आणि मग सगळीकडे. हरियालांचा हिरवा थवा उंबरावर उतरला तो पानांत पाने होऊन मिसळला. स्वर्गीय नर्तकाची रुपेरी शेपटी उन्हाच्या एका तिरिपीतून सळसळत गेली आणि मागे नुसती तिरीप राहिली. खूप वर, ऐनाच्या शेंड्यावरून, एक धनेश जड पंखांनी दरी ओलांडून गेला. त्याच्या पंखांचा आवाज तो दिसेनासा झाल्यावरही थोडा वेळ येत राहिला.

पुढच्या बाकावर दोघे कुजबुजत होते. “दिसला?” “कुठे?” “डावीकडे, फांदीच्या वर.” “हो, हो, दिसला.” एकाचे बोट, दुसऱ्याची नजर. एकाने पाहावे आणि दुसऱ्याला दाखवावे. ठकूबाई मागे बसून ते ऐकत होती. तिलाही सगळे दिसत होते, त्यांच्याही आधी दिसत होते. पण शेजारची जागा रिकामी होती, आणि त्या रिकाम्या जागेवर फक्त ऊन येऊन बसत होते, झाड आडवे आले की उठून जात होते.

तासाभराने चढ संपला. झाडे मागे सरली. आणि आभाळाखाली, आभाळाएवढाच, आसवलीचा सडा उलगडला.

सोनेरी! दृष्टी पोचेल तिथवर गवत. पुरुषभर उंचीचे, पिकलेले, तुऱ्यातुऱ्यावर दवाचा मणी पेललेले. वारा आला की सारा सडा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वाकत जाई आणि पुन्हा उठत येई. ठकूबाई जीपच्या दांडीला धरून उभी राहिली. तिने उत्तरेला पाहिले, दक्षिणेला पाहिले. झऱ्याची वाट शोधली, वाट नव्हती. पारावरचा वड शोधला, वड नव्हता. कुडाच्या भिंती, गोठ्यांचे खांब, म्हशींनी तुडवून काळे केलेले अंगण, काही म्हणता काही नव्हते. गवत, गवत, आणि गवत.

“हितंच ना रं?” तिने विचारले. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

“सडा ह्योच, आजी. हितं वस्ती होती म्हणतात.” सदानंदाने गाडीचा वेग कमी केला. “पर नेमकी कुठं, ते मला न्हाई सांगता यायचं. मी तवा लहान होतो. आता ठावं असणारं कोन ऱ्हायलं न्हाई.”

ती खाली बसली. रान भरले होते, रान सुखी होते. पाखरांनी, पाडसांनी, पानांनी ओसंडत होते. आणि त्या भरल्या रानात तिला ओळखणारे एक झाड नव्हते. सपाटीला असताना निदान शंका होती. इथे आता शंकेलाही टेकायला जागा उरली नव्हती.

तेवढ्यात सदानंदाने इंजिन बंद केले. “गवं,” तो हळूच म्हणाला.

गवतातून काळा कळप उठला. ऊन पाठीवर घेतलेले, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे, मेघमंद गतीचे गवे. एक, तीन, सात. एक थोराड मादी आणि तिच्या पोटाशी बदामी रंगाचे वासरू. ते चरत चरत सरकले, गवत दुभंगले, आणि त्या फटीत एक बुटका, लांबट दगड दिसला. दगडावर एक पक्षी बसला होता. निळा, सांजेच्या डोंगरासारखा धूसर निळा. एकटा.

“शैलकस्तूर!” ऋजुता पुटपुटली. कॅमेऱ्याची कळ सलग टकटकत राहिली. मग ती मागे वळली. तिच्या आनंदाला एकटा नवरा पुरेना. “आजी, हे बघा. किती सुंदर आलाय! फार लांबून येतो हा, उत्तरेकडून. हिवाळ्यापुरता.”

तिने कॅमेऱ्याचा चौकोन ठकूबाईपुढे धरला आणि बोटाने चित्र मोठे मोठे करत नेले. पिसे दिसली, चोच दिसली, डोळ्यातला उन्हाचा ठिपका दिसला. आणि पायांखालचा दगड दिसला.

दगडाच्या उजव्या कडेला एक खाच होती. चंद्रकोरीसारखी, गुळगुळीत, बोटभर खोल.

ठकूबाई पुढे वाकली. रोज सकाळी, तेवीस वर्षे रोज सकाळी, गवताला निघण्याआधी तिने त्या कडेवर कोयता घासला होता. पाण्याचा हबका, आणि खर्र, खर्र, खर्र. सासू ओरडे, “अगं, उंबरा खातीस का काय!” हौसाबाई हसे. ठकूबाईने बोट त्या चौकोनावर ठेवले. काच गार होती. खाच तिथे होती.

“उंबरा हाय,” ती म्हणाली. “माझा.”

ऋजुताला आधी कळले नाही. मग तिने चित्राकडे पाहिले, गवतातल्या दगडाकडे पाहिले, म्हातारीच्या बोटाकडे पाहिले. आणि तिला कळले. अनिकेतने कॅमेरा हळूच मांडीवर ठेवला.

“सदानंद,” ठकूबाईने पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारली, “उतरू दे रं. पाच पावलं. पाय लावते न् आले.”

सदानंद तिच्याकडे पाहू शकेना. “आजी, वासरू हाय तिच्यासंगं. ती येईल अंगावर.” मग त्याने जोडले, “नियमाचं सोडा. पर तुमास्नी काय झालं तर मी काय करू?”

ती मादीकडे पाहत राहिली. जन्मभर म्हशी राखलेली बाई होती ती. त्या मानेचा कल, त्या कानांचा ताण तिला वाचता येत होता. पोरगा खरे बोलत होता. “व्हय,” ती म्हणाली. “खरं हाय तुझं. न्हाई येऊ द्यायची ती जवळ.”

“दहा मिनिटं थांबू,” सदानंद म्हणाला. “जास्ती थांबलो तरी चालंल.”

पक्षी बसला होता, दगड बसला होता, ऊन बसले होते. ऋजुता पुढचे बाक सोडून मागे आली, आणि ठकूबाईच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर बसली.

“कसं होतं तुमचं घर, आजी?”

ठकूबाईने तोंड उघडले. ओठांवर सारे गर्दी करून आले. एका शिंगाची म्हैस, आठ दिवसांचे धुके, उंबरा खाणारी सून. पण कोणती म्हैस ते सांगायचे तर झरा सांगावा लागणार. झरा सांगायचा तर सासरा सांगावा लागणार. हौसाबाईचे हसणे सांगायचे तर हौसाबाईच सांगावी लागणार, अगदी पहिल्यापासून. आणि एवढे पहिल्यापासून सांगायला ना हा दिवस पुरला असता, ना उरलेले आयुष्य. पोरगी वाट पाहत होती. तिचे डोळे चांगले होते, ओले होते, परके होते.

“ल्हान व्हतं,” ठकूबाई म्हणाली. आणि पुष्कळ वेळाने, “पर ऊन लई यायचं.”

ऋजुताने तिचा हात हातात घेतला. तिने घेऊ दिला. दोघी पाहत राहिल्या; एक पक्षी पाहत होती आणि एक दगड.

मग निळे पंख उघडले. पक्षी उडाला, उन्हात क्षणभर काळा झाला, आणि दरीच्या पलीकडे उतरला. सदानंदाने इंजिन सुरू केले. तो आवाज ऐकूनही गवे बुजले नाहीत. थोराड मादी सावकाश वळली, वासराला पुढे घालून गवतातून चालत आली, आणि जिथे एके काळी अंगण होते तिथे, उंबऱ्याला पाठ लावून, गुडघे मोडून बसली. वासरू तिच्या कुशीत शिरले. तिने डोळे मिटले आणि रवंथ सुरू केला.

“बस, बाई,” ठकूबाई ओठांतल्या ओठांत म्हणाली, दारी आलेल्या लेकुरवाळीला म्हणावे तसे. “निवांत बस.”

जीप निघाली. ती मागे तोंड करून बसली होती. वारा आला. गवत वाकले, उठले, वाकले. आधी दगड गेला. मग काळी पाठ गेली. मग शिंगांची दोन टोके, मग तीही. राहिले ते नुसते सोने, नुसता वारा, आणि वाऱ्यावर उघडणारे, मिटणारे, उघडणारे, मिटत मिटत जाणारे गवत.