जिजा नाय आली

टीव्हीवर माझा आवाज लागला होता, सगळी आळी सुनंदाच्या बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसली होती, आणि माझा देवेश दाराला टेकून मोबाइल बघत होता. आई गात असताना मान खाली घालून बोट फिरवत राहायचं, हे वळण त्याला कुठून लागलं मला ठाऊक नाही. बापाकडून नक्कीच नाही. तो माणूस मी गायला लागले की पेटवलेली विडी विझवून ठेवायचा.

बाया हसत होत्या. कोण तेव्हा किती बारीक होती, कोणी कोणाची साडी मागून नेसली होती, हेच चाललं होतं. सुनंदाच्या लग्नाचं जुनं शूटिंग लावलं होतं. तिला गावातच दिलेली, पलीकडच्या आळीत, आणि म्हातारा बाप चांगो आता तिच्याकडेच असतो. त्याला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. तरी सकाळीच दाढी करून, धुतलेली टोपी घालून तो भिंतीला टेकून बसला होता. तो कशासाठी बसलाय ते सगळ्यांना माहीत होतं. त्याला जिजाचं नाव ऐकायचं होतं. जिजा म्हणजे त्याची गेलेली बायको, सुनंदाची आई.

मध्येच चित्र हलायचं थांबलं. नुसते मांडवातले फोटो एकामागून एक येऊ लागले. आवाज मात्र चालूच होता. आता जिजाचं नाव येणार म्हणून मीसुद्धा पदर सावरला. टीव्हीतली मी म्हणाली,

"मांडवाचे दारी कोण गं उभी? मैना आय उभी, हळद घेऊन उभी."

मैना माझ्या शेजारीच बसली होती. तिने कोपराने ढोसलं. "मी कशाला उभी र्‍हाईन गं हिच्या दारात? मला त्या दिवशी ताप व्हता."

कोणीतरी हसलं. मग त्यालाच काय झालं ते कळलं. चांगोने टीव्हीकडे कान केला आणि मला म्हणाला, "वहिनी, जिजा नाय आली?"

सुनंदा उठली. चहा ठेवते म्हणाली आणि आत गेली. आत भांड्याचा आवाज नाही, शेगडीचा नाही. मी दाराकडे बघितलं तर देवेश तिथे नव्हता. बाहेर त्याची गाडी चालू झाली.

मी धवलारीण आहे, लग्नाची गाणी म्हणजे धवले गाणारी. आमच्यात लग्नाला भटजी उशिरा आला तर मांडव वाट बघतो, पण धवला गाणारी नसेल तर हळदच लागत नाही. आधी देव बोलवायचे, मग गावदेवी, मग घरची माणसं, एकेकाचं नाव घेऊन. जिवंत असलेली आणि गेलेलीसुद्धा. नाव राहिलं तर ते माणूस मांडवाबाहेर ताटकळत उभं राहतं, असं माझी सासू सांगायची. तिच्याकडूनच गाणं माझ्याकडे आलं. मला लिहिता-वाचता येतं ते सहीपुरतं, पण खालापूर ते कर्जत कुठल्या घरात कोण जन्मलं नि कोण गेलं, सगळं डोक्यात आहे. माझ्या तोंडून आजवर नाव चुकलेलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा चुकलं, तेही मी तोंड उघडलेलं नसताना.

सुनंदाच्या लग्नाआधीच्या भातलावणीत जिजा काविळीने गेली. हळदीला मी तिचं नाव घेतलं, तेव्हा मागून एक म्हातारी आत्या मोठ्याने बोलली, "आली गं, आली." चांगो बायकोच्या सरणापाशी रडला नव्हता. तो हळदीला मांडवाचा खांब धरून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलायला लागले. ते सगळं त्या सीडीत होतं. सुनंदा ती जागा इतक्यांदा लावायची की सीडीवर चरे पडले होते.

मग ते सीडीचे डबे बंद पडले, नव्या टीव्हींना सीडी घालायला तोंडच नाही. देवेशचं कर्जतला बाजारात कॉम्प्युटरचं दुकान आहे. तो म्हणाला, जुन्या सीड्या पेनड्राइव्हमध्ये भरून देतो. मी घरोघरी फिरून गोळा केल्या. सगळ्यांनी दिल्या, सुनंदा देईना. "काकी, दुसरी नाय गं माझ्याकडं," म्हणाली. मी म्हटलं, माझ्या पोराच्या हातात देतेयस, परक्याच्या नाय. त्या शब्दावर तिने दिली. खूण म्हणून वर एक लाल टिकली चिकटवली.

सुरुवातीला काम रडतरखडत चालायचं. जुना कॉम्प्युटर. एक सीडी लावून मी बाजारात भाजी घेऊन, ओळखीच्या दोन बायांशी बोलून परत यायची, तरी पडद्यावरची हिरवी रेघ निम्म्यावर पोचलेली नसायची. मग त्याने नवीन मशीन आणलं. चित्रांचं काम करायला त्यात वेगळं कार्ड असतं म्हणे. आधी सगळ्या सीड्या कॉम्प्युटरात उतरवून घ्यायच्या आणि मग पेनड्राइव्हवर चालतील अशा रांगेने बदलायला लावायच्या. ज्याला अख्खी दुपार जायची ते भात शिजायच्या आत व्हायला लागलं. मी गावभर सांगत सुटले, माझ्या देवेशसारखं डोकं कोणाचं नाही.

पण त्यानेच मला सांगितलं होतं. "आये, बदलायचं काम कितीबी पळवता येतं. वाचायचं मात्र सीडीच्याच चालीनं. चरा आला का मशीन तितंच परत परत वाचायला बघतं. आपण थांबलो तर वाचतंसुद्धा." सुनंदाची सीडी तशीच करत होती. घरघर करायची, गप्प व्हायची, पुन्हा घरघर. त्याने मऊ कापडाने आतून बाहेर पुसून ती परत लावली आणि म्हणाला, हिला निवांत चालू ठेवतो. मी निश्चिंत घरी आले.

टीव्हीच्या त्या दिवशी घरी आल्यावर मी सुनेला विचारलं. हर्षला सरळ पोर आहे, तिला खोटं बोलता येत नाही. वाढता वाढता तिने सांगितलं. नेरळच्या एका बिल्डरचं काम आलं होतं, फ्लॅटची जाहिरात. मशीन सुनंदाच्या सीडीत अडकून पडलेलं. मग देवेशने मशीनलाच सांगून टाकलं, वाचता येत नसेल तिथे थांबू नको, सोडून पुढे जा. सीडी चुटकीसरशी संपली. जिथे सोडलं तिथे भोक राहिलं, ते फोटो लावून बुजवलं आणि वर शकूच्या लग्नातलं माझं गाणं चिकटवलं. शकू मैनाची लेक.

"मी म्हटलं त्यांना," हर्षला म्हणाली. "तर म्हणाले, आयचं गाणं सगळीकडं एकच तर असतंय. कोणाला कळणार?"

मी ताट सरकवलं. सीडी कुठाय विचारलं. तर ती गेली होती शेलूला, हर्षलाच्या माहेरी. तिथे पोपट काकड्या कुरतडत होते, म्हणून काम झालेल्या सगळ्या सीड्या देवेशने सासऱ्याला वेलांवर टांगायला दिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी शेलूला गेले. व्याह्यांना वाटलं विहीणबाई सहज आल्या. त्यांनी खुर्ची टाकली, पाणी आणलं. मी खुर्चीत न बसता तशीच मागच्या वाडीत गेले. मागे नव्या बिल्डिंगी उभ्या राहतायत आणि अलीकडे काकडीच्या मांडवावर आमच्या गावातली लग्नं दोऱ्याला लटकून गरगरतायत. टिकली अजून होती, तिचा रंग तेवढा उडाला होता. व्याह्यांनी स्टुलावर चढून ती सीडी काढून दिली. उन्हापावसाने तिच्यावरची चकाकी पोपडे धरून गेली होती. मी ती डोळ्यासमोर धरली तर पलीकडे उभे असलेले व्याही आरपार दिसले.

"काय झालं विहीणबाई?" त्यांनी विचारलं. काही नाही म्हटलं. त्या माणसाचा काय दोष.

तिथून तडक कर्जत. दुकानात एक गिऱ्हाईक झेरॉक्स काढत उभं होतं. देवेशच्या पडद्यावर बिल्डरची इमारत गोल गोल फिरत होती. मी सीडी त्याच्या बटणांवर ठेवली. त्याने ती उचलली, उलटसुलट करून बघितली आणि बाजूला ठेवली. मला वाटलं, आता मान खाली घालेल. घातली असती तर मी तिथूनच परत फिरले असते.

तो हसला. प्रेमानेच हसला, हे जास्त वाईट. म्हणाला, "आये, येवढं काय मनाला लावून घेतेस? मी लावलं म्हणून गाणं तुटलं तरी नाय, नायतर नुसती खरखर ऐकली असती तुमी. तू परत गा की. चांगल्या माइकवर घेतो. ह्या टायमाला जिजाकाकीचं नाव टाकू त्यात."

मी आयुष्यभर चढ्या आवाजात बोलत आले. त्या दुकानात माझा आवाज चढला नाही.

"देवेश, मी मेले म्हंजी तोंडावरचं कापड काढून नीट बघून घे रं बाबा. तुला सगळ्या आया सारख्याच. घाईत दुसऱ्याचीच उचलून नेशील."